कुत्र्याची खाज आणि केसगळती पुन्हा पुन्हा येते तेव्हा काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. कुत्रा रात्रभर खाजवतो, कमरेवरचे केस विरळ होतात, एक इंजेक्शन मिळतं, आठ-दहा दिवस तो शांत झोपतो आणि महिना उलटायच्या आत सगळं परत सुरू होतं. पावसाळ्यात तर हमखास. अशा इंजेक्शनात बहुधा स्टिरॉइड असतं. त्याने खाज दबते, पण खाज कशामुळे येते ते कुत्र्याच्या अंगावर नाहीतर तुमच्या घरात तसंच राहतं. म्हणून खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच करा. पिसवांची खात्री केल्याशिवाय खाणं बदलणं किंवा हार्मोनच्या चाचण्या करणं म्हणजे पैसे आणि महिने दोन्ही वाया घालवणं.

आधी लक्षणं

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: आधी खाज सुरू झाली की आधी केस गेले? खाज आधी आली असेल तर पिसवा, खरूज, ऍलर्जी किंवा जंतुसंसर्ग यांच्याकडे बघायचं. केस गेले पण कुत्रा खाजवत नव्हता, असं असेल तर डेमोडेक्स (केसांच्या मुळाशी वाढणारा, डोळ्यांना न दिसणारा माइट म्हणजे बारीक किडा), बुरशी किंवा हार्मोनचा बिघाड. पुढे हे दोन्ही गट एकमेकांत मिसळतात, कारण उघड्या पडलेल्या कातडीत जंतू वाढले की खाज येतेच. सुरुवात आठवत नसेल तर फोनमधले दोन-तीन महिन्यांपूर्वीचे कुत्र्याचे फोटो काढून बघा. त्यात बरंच कळतं.

दुसरा प्रश्न जागेचा.

शेपटीचं मूळ, कमर आणि मांड्यांची मागची बाजू: बहुतेक वेळा पिसवा.

कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे आणि पोट, शिवाय जेवण सोडून खाजवण्याइतकी खाज: खरूज.

डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला किंवा पुढच्या पायांवर लहान टक्कल, खाज जवळपास नाही आणि वय वर्षाच्या आत: डेमोडेक्स.

गोलसर चट्टा, कडेला खपल्या, केस मुळाशी तुटल्यासारखे: गजकर्ण.

पंजे, काखा, जांघा, कान आणि थोबाड: ऍलर्जी. फिक्या रंगाच्या कुत्र्याचे पंजे तांबूस दिसत असतील तर तो ते सतत चाटतो आहे, लाळेने केस रंगतात. त्याच जागी कातडी तेलकट, काळपट, जाड झाली असेल आणि आंबूस वास येत असेल तर यीस्टही (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) वाढलं आहे.

दोन्ही कुशींवर सारखंच टक्कल, शेपटी उंदराच्या शेपटीसारखी, खाज नाही आणि वय मध्यम: हार्मोन.

काही वेळा रोग नसतोच. लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की यांचे केस भरपूर गळतात. खालची कातडी स्वच्छ असेल आणि कुठे टक्कल पडत नसेल, तर रोज ब्रश करा, एवढंच. लादीवर बसून जड कुत्र्यांच्या कोपरांवर घट्टे पडतात, तिथले केस परत येत नाहीत, गादी द्या. व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी कुत्रीचे केस झपाट्याने जातात आणि पुन्हा येतात. आणि उन्हाळ्यात पोमेरेनियन किंवा हस्कीचे केस मशीनने अगदी बारीक केले असतील तर ते परत यायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. या जातींचे केस मुळापासून कापूच नयेत.

हे दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा

खाणं बंद, सुस्ती, ताप. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे माणसाचा ९८.६ चा आकडा इथे लावू नका. हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची: गोचिडांमुळे होणारा ताप असू शकतो, त्यात एक-दोन दिवसही महत्त्वाचे असतात. चेहरा अचानक सुजला. जखमेत किडे पडले. पावसाळ्यात झुबकेदार केसांखाली हे उशिरा लक्षात येतं, वासावरून कळतं. कातडी फाटून पू येतो आहे, किंवा काल रुपयाएवढा असलेला ओला लाल चट्टा आज तळहाताएवढा झाला आहे. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू किंवा गाभण कुत्री. यांपैकी काहीही असलं तर घरचे उपाय नकोत.

पहिली तपासणी: फणी आणि ओला पांढरा कागद

खर्च जवळपास शून्य. उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या. कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, मग मांड्यांच्या मागे आणि पोटावर, कातडीला टेकवून फिरवा. निघालेला कचरा पांढऱ्या टिश्यूवर झटका, वर पाण्याचे थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. काळे दाणे विरघळून भोवती तांबूस-तपकिरी कडी दिसली तर ती पिसवांची विष्ठा आहे. पिसू रक्त पिते, तेच पचलेलं रक्त पाण्यात उतरतं. नुसती माती असेल तर तांबूस रंग सुटणार नाही.

ही तपासणी आधी का, तर पिसवांची ऍलर्जी असलेल्या कुत्र्याच्या अंगावर पिसू बहुतेक वेळा दिसतच नाही. त्याला थोडेसे दंशही पुरतात, आणि तो इतकं चाटतो-चावतो की पिसवा गिळून टाकतो. ‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ असं सांगणाऱ्या घरातही हा कागद लाल होतो.

त्याच वेळी गोचिडी शोधा: कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा. नखांनी चिरडू नका, जाळू नका, रॉकेल लावू नका.

दुसरी: घर

कुत्र्याच्या अंगावर असतात त्या फक्त मोठ्या पिसवा. अंडी घरंगळून खाली पडतात, अळ्या उजेड टाळून सोफ्याखाली, चटईखाली, गोणपाटाच्या घडीत वाढतात, आणि कोश तर महिनोन्‌महिने तसेच टिकून राहतात. उष्ण दमट हवेत अंड्यापासून पिसू व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून एकदा औषध घालून भागत नाही.

अंथरूण आठवड्याला एकदा कडक गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गोणपाट असेल तर टाकून द्या, ते नीट धुतलं जात नाही. व्हॅक्यूम असेल तर सोफ्याच्या फटी आणि पलंगाखालचा भाग रोज. त्यातली पिशवी लगेच बाहेर टाका. व्हॅक्यूम नसेल तर चटया उचलून झाडा आणि लादी पुसा. गोचिडींसाठी भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, कुत्र्याच्या घराचं छप्पर बघा, कारण गोचीड अंडी घालायला वर चढते. घरात मांजर असेल तर तिच्यावरही उपचार हवेत, पण कुत्र्याचं औषध तिला कधीच नाही. कुत्र्यांच्या अनेक औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर उठतं.

तिसरी: आंघोळ आणि ओल

माणसाचा शाम्पू, कपड्याचा साबण आणि डेटॉल तिन्ही बंद करा. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची बरीचशी उदासीन. आपल्यासाठी बनवलेल्या शाम्पूने तिचं संरक्षण उतरतं आणि कोंडा वाढतो. जंतुनाशकाचं पाणी खाजवलेल्या कातडीची आग करतं, शिवाय कुत्रा ते चाटतो.

पाणी कोमट किंवा साधं घ्या, कारण गरम पाण्याने खाज वाढते. कातडी तेलकट आणि वासाची असेल तर २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि २ टक्के मायकोनॅझोल असलेला कुत्र्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. फेस अंगावर पूर्ण १० मिनिटं राहिला पाहिजे. घड्याळ लावा, कारण ‘शाम्पू चालला नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा दोन मिनिटांत धुतलेला फेस असतो. जिथे जास्त त्रास आहे तिथून लावायला सुरुवात करा म्हणजे त्या जागेला सगळ्यात जास्त वेळ मिळतो. डोळे सांभाळा. मग भरपूर पाण्याने धुवा आणि काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या टॉवेलने टिपून घ्या.

पावसात फिरवून आणल्यावर पंजे पुसणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि यीस्टवर त्याच्याइतका स्वस्त उपाय नाही. भिजलेला नायलॉनचा पट्टाही काढून वाळवा. मानेवरचं टक्कल कित्येकदा त्यामुळेच पडतं.

चौथी: काय लावणं आणि काय देणं ताबडतोब थांबवायचं

या टप्प्यावर जरा जास्त थांबतो, कारण साधा आजार अवघड होतो तो इथेच.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारी माणसांची मिश्र मलमं, ज्यांत जोरदार स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. चार दिवस लाली जाते, मग गजकर्ण पसरतं आणि डेमोडेक्स तर दुपटीने वाढतो, कारण स्टिरॉइड तिथली प्रतिकारशक्तीच दाबतं.

खरुजेवर वापरलेलं जळकं इंजिन ऑइल, रॉकेल, फिनाइल. कुत्रा चाटतो आणि विषबाधा होते, कातडी भाजते. कडुनिंबाचं किंवा टी ट्रीचं तेल पाणी न घालता लावणंही नको; टी ट्री तर थोडंसं चाटलं तरी कुत्रा थरथरू लागतो. खोबरेल तेल कोरड्या कोपराला ठीक, पण तेलकट वासाच्या कातडीवर लावलं की यीस्टला खाद्यच मिळतं.

गुराढोरांसाठीचं आयव्हरमेक्टिन (परजीवी मारणारं औषध) इंजेक्शन अंदाजाने टोचणं. ते १ टक्का तीव्रतेचं असतं, लहान कुत्र्यासाठी थेंबाची चूकही मोठी. कॉली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांचे संकर यांच्यापैकी अनेकांत हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रा कोमात जाऊ शकतो. शेतीच्या दुकानात मिळणारं १२.५ टक्क्यांचं अमिट्राझ हे गोचिडी मारायचं औषधही डोळ्यांनी मोजून पाण्यात घालायचं नव्हे.

सर्दीच्या गोळ्या. साधं सेटिरिझिन डॉक्टरांनी सांगितलं तर चालतं, पण नाक मोकळं करणारं औषध मिसळलेल्या गोळीने कुत्र्याचं हृदय धडधडत सुटतं, जीवही जाऊ शकतो. पाकिटावर नावापुढे ‘डी’ आहे का ते बघा.

पाचवी: कानाची कड आणि घरातली माणसं

कुत्र्याच्या कानाची कड दुमडून अंगठ्याने काही सेकंद घासा. मागचा पाय आपोआप खाजवण्याच्या हालचाली करू लागला तर खरुजेचा संशय बळावतो. मग घरच्यांना विचारा: कोणाच्या हातांवर, पोटावर बारीक लाल पुरळ आणि रात्री खाज आहे का? खरूज माणसाला लागते. कुत्रा बरा झाला की ती आपल्या अंगावर फार काळ टिकत नाही, तरी पुरळ आलेल्याने स्वतःच्या डॉक्टरला ‘घरात कुत्रा आहे’ हे सांगावं. गजकर्णही माणसाला लागतं, मुलांना लवकर. डेमोडेक्स लागत नाही. अर्ध्या लोकांच्या मनातली भीती या एका वाक्याने जावी: डेमोडेक्स झालेल्या पिल्लाला रस्त्यावर सोडायची काहीही गरज नसते.

सहावी: परजीवींवर पूर्ण तीन महिन्यांचा उपचार

इथपासून खर्च सुरू होतो. कुत्र्याचं वजन करा, अंदाज नको. आधी तुम्ही त्याला न घेता वजनकाट्यावर उभे राहा, मग घेऊन. फरक म्हणजे त्याचं वजन. मग डॉक्टरांना विचारून तोंडावाटे द्यायची गोळी घ्या. अफॉक्सोलेनर महिन्याला एक, सॅरोलेनर पाच आठवडे चालतं, फ्लुरालेनर सुमारे बारा आठवडे. या गटातल्या औषधांनी पिसवा, गोचिडी जातातच, खरूज आणि डेमोडेक्सवरही ती चांगली चालतात, म्हणून हा पैसा वाया जात नाही. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगा. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून लहानाला देऊ नका, औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही.

मानेवर टाकायचं फिप्रोनिल निवडलं तर केस बाजूला करून खांद्यांच्या मध्ये थेट कातडीवर टाका, आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. केसांवर पडलेलं औषध कामाला येत नाही.

गोळी दिल्यावर पुढचे काही आठवडे एखाद-दुसरी पिसू दिसत राहते आणि लोक ‘औषध खोटं निघालं’ म्हणून सोडून देतात. गोळीने पिसू मरते ती चावल्यानंतर, आणि घरातल्या जुन्या कोशांतून नव्या पिसवा निघतच असतात. ते कोश संपेपर्यंत, म्हणजे सलग तीन महिने, घरातल्या प्रत्येक प्राण्यावर उपचार चालू ठेवा. तेवढ्याने खाज गेली तर शोध इथेच संपला.

सातवी: कातडी खरवडून तपासणी

घरचं काम इथे संपतं. वरच्या पायऱ्यांनी फरक पडला नसेल, किंवा टक्कल वाढत असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा डॉक्टर शोधा. नुसतं बघून तिसऱ्यांदा तेच इंजेक्शन लिहून दिलं जात असेल तर खरवडून तपासा असं स्पष्ट म्हणा. महाराष्ट्रात परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या दवाखान्यांत ही सोय मिळते.

जाण्याआधी तीन-चार दिवस आंघोळ, तेल, मलम काही नको. धुतलेल्या कातडीवर पुरावा राहत नाही. आधी कोणतं इंजेक्शन, कोणत्या तारखेला मिळालं ते कागदावर लिहून न्या.

डेमोडेक्स केसांच्या मुळाशी खोल असतो, म्हणून कातडी चिमटीत दाबून किंचित रक्त येईपर्यंत खरवडावं लागतं. ते बघून घाबरू नका. खरुजेचं मात्र उलटं आहे: कुत्रा खाजून बेजार असतो आणि काचेवर एकही माइट सापडत नाही, कारण त्यांची संख्या फार कमी असते. अहवाल कोरा आला तरी लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर खरुजेचं औषध देऊन बघतात, आणि ते बरोबरच आहे.

चिकटपट्टी लावून यीस्ट आणि जंतू दिसतात. पुरळ, पिवळे फोड, कडेने सोलल्यासारखी गोल खपली म्हणजे जंतुसंसर्ग. तो बहुधा दुसऱ्या कशाच्या तरी पाठोपाठ येतो. अँटिबायोटिक पुरळ गेल्याबरोबर घरच्या घरी बंद करू नका. बुरशीसाठी केस आणि खपल्या वाढवून बघतात, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. निळा दिवा लावून काही चमकलं नाही म्हणजे गजकर्ण नाही असं होत नाही, बुरशीचे सगळे प्रकार चमकत नाहीत.

डेमोडेक्सचा उपचार केस आले म्हणून थांबवायचा नसतो. महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून दोन्ही वेळा काचेवर काही सापडलं नाही, तरच थांबवायचं. बहुतेकांचा डेमोडेक्स ‘उलटतो’ तो ही दुसरी तपासणी टाळल्यामुळे.

आठवी: खाणं

परजीवी, जंतू, यीस्ट सगळं काबूत आहे आणि तरी ऋतू कोणताही असो, खाज चालूच आहे, तेव्हाच इकडे या. कुत्र्यांना खाण्यातून ऍलर्जी होते ती जास्त करून गोमांस, दूध, चिकन आणि गहू यांची. आपल्याकडच्या दूध-पोळी आणि चिकन-भातात यातलं बरंच काही येतं. शिवाय नुसत्या दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याला पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत, केस रुक्ष होतात, ते वेगळंच.

रक्ताच्या किंवा केसांच्या चाचणीतून खाण्याची ऍलर्जी खात्रीने कळत नाही. खरी चाचणी म्हणजे आठ आठवडे एकच ठरवलेलं खाणं: त्याने आयुष्यात न खाल्लेलं एक मांस आणि एक पिष्टमय पदार्थ, उदाहरणार्थ बोकडाचं मटण आणि बटाटा, दोन्ही मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं. किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं हायड्रोलाइज्ड खाद्य, म्हणजे ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात असं. वाढत्या पिल्लावर घरगुती प्रयोग नको.

हे बिघडतं ते बाहेरून: चहाबरोबरचं ग्लुकोज बिस्किट, आजोबांनी ताटातून टाकलेला पोळीचा तुकडा, सोसायटीच्या वॉचमनचा पाव, मांसाची चव असलेली जंताची गोळी. घरातल्या प्रत्येकाला आणि वॉचमनलाही आधी सांगा. आठ आठवड्यांनी खाज कमी झाली तर जुनं खाणं परत द्या; दोन आठवड्यांत खाज परतली तरच निदान पक्कं.

नववी: ऍलर्जी आणि हार्मोन

खाणं निर्दोष निघालं आणि खाज सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू झालेली असेल, तर हवेतल्या गोष्टींची ऍलर्जी उरते. ती मुळापासून जात नाही, काबूत ठेवता येते. ओक्लासिटिनिबसारखी खाज दाबणारी गोळी, औषधी शाम्पू, पिसवांचा बंदोबस्त हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं चालतं. माशांचं तेल मदत करतं, पण परिणाम दिसायला दोन-तीन महिने द्या, आणि कॉड लिव्हर ऑइल त्याऐवजी देऊ नका, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व साठतं.

खाज नसलेलं दोन्ही बाजूंचं टक्कल, वजन वाढलेलं, कुत्रा आळसावलेला: थायरॉइडची रक्ततपासणी करा, टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) बरोबर टीएसएचही (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन). पाणी भरमसाट पितो, पोट सुटलं आहे, कातडी कागदाइतकी पातळ आहे: कुशिंग, म्हणजे शरीरातच स्टिरॉइडसारखं हार्मोन जास्त तयार होण्याचा आजार. हाच प्रकार महिनोन्‌महिने स्टिरॉइड दिल्यानेही होतो. अशा वेळी चालू असलेलं स्टिरॉइड एकदम तोडू नका, ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी करावं लागतं.

थायरॉइडची गोळी सुरू झाली की चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवतात. कुत्रा महिन्याभरात तरतरीत होतो, केस मात्र तीन-चार महिन्यांनी भरतात. तोवर गोळी चुकवायची नाही.